पेट्रोल फिल्टर बदलताना गळती थांबेना, पंपाचा फ्यूज काढूनसुद्धा

माळरान (सोलापूर)

नमस्कार मंडळी. गाडी २००८ ची छोटी मारुती, पेट्रोल, एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटर नाही, इंजेक्टरनं पेट्रोल फवारणारी). फ्यूल फिल्टर गाडीच्या खाली आहे, टाकीच्या शेजारी, पत्र्याचा गोल डबा. चढाला गाडी ओढत नव्हती, जोरात दाबलं की गचके द्यायची, प्लग आणि एअर फिल्टर नवे टाकलेत, म्हणून आता फ्यूल फिल्टरवर आलो.

सगळे सांगतात तसं आधी पंपाचा फ्यूज काढला, गाडी चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत ठेवली, परत थोडा सेल्फ मारला, मग बॅटरीची निगेटिव्ह काढली. म्हणजे प्रेशर गेलं असं धरून खाली शिरलो आणि टाकीकडच्या पाइपची क्लिप सैल केली. फवारा वगैरे काही उडाला नाही, पण पेट्रोल यायला लागलं ते येतच राहिलं, बारीक धार धरून. लाइनमधलं उरलंसुरलं असेल, थांबेल, म्हणून खाली डबा धरला तर डबा निम्मा भरला तरी धार तशीच, वर मनगटावरून कोपरापर्यंत ओघळ. मग पाइप परत चढवला, क्लिप आवळली, फरशी पुसली, गाडी ढकलून उघड्यावर आणली आणि काम तिथंच थांबवलं.

टाकी पाऊण भरलेली आहे. प्रेशर काढल्यावरही पेट्रोल येतं कुठून आणि फिल्टर बदलेपर्यंत ते थांबवायचं कसं? ज्यांनी हे हातानं केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा प्लीज.

जुना_मिस्त्री (कराड)

काम थांबवलंत हे उत्तम केलंत. आता कारण सांगतो.

फ्यूज काढून गाडी बंद पाडली की लाइनमधलं प्रेशर जातं, एमपीएफआयला ते साधारण ३ बार असतं. प्रेशर गेलं म्हणून फवारा उडाला नाही. पण लाइन रिकामी होत नाही, ती पेट्रोलनं गच्च भरलेलीच असते. तुमच्या गाडीत पंप टाकीच्या आत, तिथून पाइप टाकीच्या वरच्या अंगानं बाहेर येतो आणि खाली उतरून फिल्टरला लागतो. भरलेला पाइप, एक तोंड पेट्रोलमध्ये बुडालेलं, दुसरं तोंड टाकीतल्या पातळीच्या खाली आणि उघडं. लहानपणी ड्रममधून नळीनं रॉकेल काढायचे बघितलं असेल, तेच हे. पंपात एक झडप असते पण ती पेट्रोल माघारी जाऊ नये म्हणून, पुढं यायला ती अडवत नाही. त्यामुळं टाकीतली पातळी फिल्टरच्या वर आहे तोवर धार येत राहणार, पाऊण टाकी असेल तर लिटरच्या लिटर.

इंजिनाकडच्या पाइपातून पण येतं, पण ते थोडं, लाइनमध्ये आहे तेवढं उतरलं की थांबतं. तेव्हा कुठल्या बाजूनं येतंय ते बघायचं. टाकीकडून येतंय तर आपोआप थांबायची वाट बघायची नाही.

उपाय पहिला आणि सगळ्यात सोपा, टाकी खाली आणा. गाडी फिरवा, पाव टाकीच्याही खाली काटा आला की मग काम काढा. आम्ही गॅरेजात टाकी भरलेली गाडी आली तर फिल्टरचं काम दुसऱ्या दिवशीवर ढकलायचो, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी.

दुसरा, पाइप उपसल्या उपसल्या त्याचं तोंड बंद करायला बोळा तयार ठेवा. पाइपाच्या आतल्या मापाचा बोल्ट, आटे नसलेला गुळगुळीत भाग आत जाईल असा. ड्रिल बिटची मागची बाजू पण चालते. आटे असलेला भाग आत घालू नका, पाइप आतून सोलतो आणि तो चुरा पुढं इंजेक्टरला जातो. बोल्ट घातला की वरून क्लिप.

नवा_चालक (नाशिक)

काका, व्हिडिओत पाइप पकडीनं दाबून धरतात की, तसं नाही का चालत? आणि टाकीचं झाकण उघडायचं का नाही? एक म्हणतो उघडा, दुसरा म्हणतो बंदच ठेवा.

जुना_मिस्त्री (कराड)

साध्या पकडीनं दाबू नका. दातेरी तोंड असतं, रबराला आतून चीर जाते, बाहेरून काही दिसत नाही आणि महिन्याभरानं तिथंच पाझर सुरू. गुळगुळीत जबड्याची होज पिंचर मिळते ती वापरा, आणि ती पण फक्त रबरी पाइपाला. कडक काळा नायलॉनचा पाइप असेल तर अजिबात दाबायचा नाही, तो एकदा मुडपला की गेला.

झाकणाचं म्हणाल तर दोघंही अर्धं बरोबर सांगतात. आधी उघडायचं, मग बंद करायचं. उन्हात उभ्या गाडीच्या टाकीत वाफेचा दाब असतो, झाकण फिरवलं की फुस्स आवाज येतो तो तोच. हा दाब राहिला तर पेट्रोल आणखी जोरात ढकलतो. म्हणून आधी झाकण उघडून दाब सोडायचा. पण त्यानंतर झाकण उघडंच ठेवलं तर टाकीत हवा आरामात शिरते आणि धार बिनअडथळा चालू राहते. परत घट्ट लावलं तर आत हवा यायला त्रास होतो, धार मंदावते. पूर्ण थांबेलच असं नाही, झाकणाला हवा आत घेणारी झडप असते. पण मंद धार आणि जोराची धार यात बोळा घालायला वेळ मिळतो का नाही एवढा फरक पडतो.

स्नेहल_के (पुणे)

माळरान, तुम्ही गाडी ढकलून बाहेर आणली, स्टार्टर मारला नाही, हे वाचून बरं वाटलं. माझं काम केमिकल प्लँटमध्ये सेफ्टीचं आहे आणि या विषयावर मला जरा पोटतिडकीनं लिहावंसं वाटतं, लांब झालं तर समजून घ्या.

पेट्रोल सांडलं की आपण खाली ओलं दिसतंय त्याच्याकडे बघतो, पण पेट घेते ती वाफ. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट उणे ४० अंशांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्याकडे कुठल्याही महिन्यात, पहाटेच्या थंडीत सुद्धा, ते पेटायला लागते तेवढी वाफ सोडतच असतं. हवेत ही वाफ साधारण दीड टक्क्याच्या आसपास झाली की ठिणगी पुरते. आणि ती हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते, त्यामुळे वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरत जाते आणि खोलगट जागा शोधून तिथे साठते. म्हणूनच सोसायटीच्या बेसमेंटमधे, पिटमधे, शटर खाली ओढलेल्या गाळ्यात हे काम करायचंच नाही. तुम्ही गाडीखाली झोपलेले असता, म्हणजे तुमचं तोंड नेमकं त्या वाफेच्या थरात. वास यायचा बंद झाला म्हणजे वाफ गेली असंही नाही, नाकाला त्या वासाची सवय होऊन जाते. डोकं जड वाटलं, गरगरलं की लगेच बाहेर यायचं.

ठिणगी म्हणजे फक्त काडी-सिगरेट नाही हो. वायरचा हँडलॅम्प गाडीखाली घेतात त्याचा बल्ब, त्यावर एक गार थेंब पडला की काच तडकते आणि आतली तार उघडी पडते. शेजारच्या बाल्कनीतला गॅस गीझर. फ्रिजचा, पाण्याच्या मोटरचा स्टार्टर. डासांसाठी लावलेली कॉइल, ही मी स्वतः पाहिलेय, एका कॉलनीत गाडीखाली काम करणाऱ्या माणसाच्या पायाशी लावलेली होती. बॅटरीची तार पेट्रोल सांडलेलं असताना काढली तरी तिथे ठिणगी उडते, म्हणून ती आधीच काढायची, आणि काम झाल्यावर सगळं वाळल्यावर लावायची. उजेडासाठी सेलवर चालणारी सीलबंद एलईडी टॉर्च, ती पण गाडीखाली शिरण्याआधी चालू करून ठेवायची.

आणि इंजिन पूर्ण थंड हवं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा डबा) आणि सायलेन्सरचा पाइप गाडी बंद केल्यावर बराच वेळ भाजण्याइतके तापलेले असतात आणि फिल्टर कधीकधी त्या पाइपापासून वीतभर अंतरावर असतो. फ्यूज काढून गाडी बंद पाडायची तर ती चालवावी लागतेच, त्यामुळे ते आदल्या रात्री करा आणि पाइप सकाळी उघडा. झाकणाचा दाब मात्र सकाळी परत एकदा सोडा.

फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा, ड्राय पावडरचा. नसेल तर बादलीभर कोरडी वाळू. पाणी नको, पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरवत नेतं. शिवाय एकट्यानं करू नका, गाडीच्या बाहेर दुसरं माणूस उभं हवं.

कपडे भिजले तर आधी कपडे बदला, मग बाकीचं. भिजलेला शर्ट अंगात ठेवून स्वयंपाकघरात जाणारी माणसं आहेत म्हणून मुद्दाम लिहितेय. हातमोजे नायट्राइलचे घ्या, डॉक्टर वापरतात ते पातळ लॅटेक्सचे पेट्रोलमध्ये फुगून फाटतात. आणि चष्मा, कारण तुम्ही खालून वर बघत असता, थेंब थेट डोळ्यातच येतो. गेलाच डोळ्यात तर चोळू नका, नळाखाली भरपूर वेळ धुवा आणि दवाखाना गाठा.

बोलेरोवाला (वाई)

स्नेहलताई लाखमोलाचं लिहिलंत. एक विचारतो, डिझेलला एवढी भीती नसते ना? आमच्याकडं फिल्टर बदलताना डिझेल सांडतंच, मातीत जातं, कुणी काय एवढं मनावर घेत नाही.

स्नेहल_के (पुणे)

पेट्रोलइतकी नाही, पण "काही होत नाही" हेही खरं नाही दादा. आपल्या मानकात डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश ठेवलाय. मे महिन्यात सोलापूर, अकोला, चंद्रपूर इथे हवाच ४२-४४ अंश असते आणि बॉनेटखाली त्याहून जास्त. म्हणजे त्या दिवशी डिझेलसुद्धा पेटण्याजोगी वाफ सोडू शकतं. गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर किंवा टर्बोवर डिझेलची धार पडली तर ठिणगीची गरजच नाही, पृष्ठभागाच्या उष्णतेनंच पेट घेऊ शकतं.

आणि मातीत जाऊ देऊ नका हो, विहिरीजवळ वगैरे असेल तर फारच वाईट.

बोलेरोवाला (वाई)

बरं झालं विचारलं. मग डिझेलवाल्यांसाठी माझ्याकडून भर घालतो, कारण आमची गळती वेगळ्या तऱ्हेची असते.

गोल फिरवून बसवायचा फिल्टर असेल तर जुना काढल्यावर वरच्या डोक्याला बोट फिरवून बघायचं. जुन्या फिल्टरची रबरी रिंग बऱ्याचदा वरच चिकटून राहते, काळ्यावर काळी, डोळ्याला दिसत नाही. त्यावर नवा फिल्टर चढवला की दोन रिंगा एकावर एक, आणि मग कितीही आवळा, डिझेल गळणारच. आमच्या गावच्या एका गाडीला असंच झालेलं, फिल्टर खराब, फिल्टर खराब म्हणत नवे फिल्टर आणले आणि रिंग मात्र वरच. नव्या रिंगेला बोटानं डिझेल लावायचं, हातानं टेकेपर्यंत फिरवायचं, मग फिल्टरवर छापलं असेल तेवढं पुढं. पान्यानं करकचून आवळला की रिंग चेपून बाहेर येते.

दुसरं म्हणजे डिझेलला गळती नेहमी बाहेरच दिसते असं नाही. ज्या गाड्यांत डिझेल ओढून घ्यायचं काम इंजिनाकडचा पंप करतो तिथं टाकी ते पंप ही लाइन चालू गाडीत ओढीवर असते. तिथं क्लिप ढिली राहिली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. खाली एक थेंब नाही, सगळं कोरडं, आणि सकाळी गाडी चालू व्हायला सेल्फ मारमारून बॅटरी बसते. मग लोक नोझल, पंप असलं महागाचं काम काढतात. आधी फिल्टरच्या जोडांवर बघा, पारदर्शक नळीचा तुकडा मधे लावला तर बुडबुडे सरळ दिसतात.

फिल्टर बसवल्यावर हँड पंप मारून एअर काढायची, हाताला पंप कडक लागेपर्यंत. एअर काढताना फेसासारखं डिझेल बाहेर येतं ते फडक्यात घ्यायचं, ते अल्टरनेटरवर आणि बेल्टवर सांडू द्यायचं नाही. बेल्ट डिझेलनं भिजला की घसरतो आणि रबर फुगतं.

जुना_मिस्त्री (कराड)

बोलेरोवाल्यांनी नोझलचं नाव काढलं म्हणून एक गोष्ट सांगतो. जुन्या पंपाच्या गाड्यांत इंजिन फिरत असताना नोझलचे नट ढिले करून एअर काढायची पद्धत होती. कॉमन रेलच्या गाडीला, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच जास्त प्रेशरच्या नळीतून डिझेल मिळतं अशा नव्या डिझेल गाडीला, हे करायचं नाही. तिथं १००० बारच्या वर प्रेशर असतं, ती धार कातड्यातून आरपार आत जाते. वरून सुईचं टोक लागल्यासारखी खूण दिसते, दुखत पण नाही सुरुवातीला, पण आत डिझेल पसरून बोट, हात जाऊ शकतो. असं झालं तर पट्टी बांधून घरी बसायचं नाही, त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जाऊन डिझेल प्रेशरनं आत गेलंय हे शब्द डॉक्टरांना सांगायचे. चालू इंजिनावर गळती शोधायला हात फिरवायचा नाही, पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा.

किनारपट्टी (रत्नागिरी)

आमच्याकडे खाऱ्या हवेने पत्र्याचा फिल्टर आणि त्याची पट्टी दोन्ही गंजून एकजीव होतात. ज्या गाड्यांत पाइपाऐवजी भोकाचा बोल्ट, बॅन्जो म्हणतात तो, असतो तिथे एकच पाना लावून जोर दिला की फिल्टर फिरतो आणि त्याच्याबरोबर धातूची लाइनच पिळली जाते. मग साधं फिल्टरचं काम राहातं बाजूला आणि टाकीपासून नवी लाइन टाकायची पाळी येते. दोन पाने हवेत, एक फिल्टरचं नाकाड धरायला आणि एक बोल्टला. आदल्या दिवशी गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवावा. आणि त्या बोल्टच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या वॉशरी असतात त्या दर खेपेला नव्या. तांबं एकदा चेपलं की दुसऱ्यांदा नीट बसत नाही, दिसायला चांगली दिसली तरी. फिल्टरच्या खोक्यात वॉशरी आल्या नाहीत तर दुकानदाराकडे मागून घ्यायच्या.

सीएनजी_प्रवासी (ठाणे)

माझ्या गाडीला सीएनजी किट आहे. फ्यूज काढला तरी गाडी बंदच पडत नाही, मजेत चालू राहते. पंपाचा फ्यूज चुकीचा काढतोय का?

जुना_मिस्त्री (कराड)

फ्यूज बरोबर असेल तरी असं होणारच. गाडी गॅसवर चालतेय, तिला पेट्रोल नकोच आहे, त्यामुळं पेट्रोलच्या लाइनचं प्रेशर तसंच अडकून राहतं. बटणानं पेट्रोलवर घ्या, मग फ्यूज काढा, मग ती गचकून बंद पडेल. सीएनजीवाल्यांनी हे लक्षात ठेवाच, कारण गाडी थोडा वेळ चालली म्हणजे प्रेशर गेलं असं समजून पाइप उपसला तर थेट तोंडावर फवारा येतो. आणि सिलिंडरचा हातानं बंद करायचा वॉल्व्ह आहे तो पण बंद करून ठेवा.

माळरान (सोलापूर)

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नीट कुणी समजावलं नव्हतं.

काम झालं. टाकी काटा तळाला येईपर्यंत चालवली, रात्री प्रेशर काढलं आणि सकाळी ऊन चढायच्या आत उघड्या प्लॉटवर, मागची चाकं घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेऊन, पुढच्या चाकांना दगड लावून बसलो. भाऊ बाहेर वाळूची बादली घेऊन उभा. झाकण उघडलं, दाब सोडला, परत लावलं. पाइप उपसायच्या आधी त्याच्यावर फडकं गुंडाळलं. तरी पहिल्यांदा बदकन आलं, पण धार अगदी मंद, बोल्ट घालून क्लिप आवळेपर्यंत डब्यात फार नाही साठलं. नव्या फिल्टरवरचा बाण इंजिनाकडे केला. जुना फिल्टर उलटा करून टाकीकडच्या तोंडानं पांढऱ्या डब्यात ओतला तर चहाच्या चोथ्यासारखं काळपट पाणी आणि गंज. फिल्टर बदलायलाच आला होता.

आता अडचण अशी की किल्ली फिरवून पंप चालू झाला की इंजिनाकडच्या जोडाला ओलसर कडं दिसतं. थेंब पडत नाही, पण टिश्यू लावला की डाग उमटतो. पंप बंद असला की कोरडं. क्लिप आणखी आवळू का? गाडी अजून चालू केलेली नाही, बॅटरी परत काढून ठेवलीये.

जुना_मिस्त्री (कराड)

आवळू नका. पंप चालू असतानाच ओलं होतंय म्हणजे प्रेशर आलं की जोड धरत नाही. पाइपाचं तोंड बघा. एवढी वर्षं एकाच जागी बसलेला पाइप तिथं भोकानं मोठा झालेला असतो आणि कडक पण होतो. क्लिप जास्त आवळली तर ती कडक रबर कापते आणि आज ओलसर आहे ते उद्या धार होईल.

पाइपाला ढील असेल तर टोकाचा अर्धा इंच धारदार ब्लेडनं सरळ कापून ताज्या भागावर बसवता येतं, पण तुमच्या पाइपाचं वय बघता मी नवाच टाकीन. दुकानात नुसता "पेट्रोल पाइप द्या" म्हणू नका, कार्ब्युरेटरचा पाइप देतील, तो एवढ्या प्रेशरचा नसतो. फ्यूल इंजेक्शनचा पाइप मागा, अंगावर एसएई जे३० आर९ असं छापलेलं असतं, सात बारच्या आसपासचा असतो तो. क्लिप पण बदला, जिच्या कडा गोल वळवलेल्या असतात तशी घ्या, भोकाभोकाची पट्टी असलेली नको, त्या भोकांतून रबर वर येतं. क्लिप नळीच्या उंचवट्याच्या मागं बसली पाहिजे, उंचवट्यावर नाही आणि पाइपाच्या अगदी कडेला पण नाही.

स्नेहल_के (पुणे)

पाइप नवा घेण्याला माझं पण अनुमोदन, आणि कारण आणखी एक. आता पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. एप्रिल २०२३ पासून गाड्यांमधलं रबर आणि प्लास्टिक ते सोसेल असं घालतायत, २००८ च्या गाडीचं रबर तेव्हाच्या पेट्रोलसाठी होतं. इथेनॉलमुळे काही जुन्या जातीचं रबर फुगतं आणि मऊ पडतं किंवा चिरतं. शिवाय इथेनॉल ओलावा ओढून घेतं, त्यामुळे उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत पाणी आणि गंज. तुम्ही फिल्टरमधून जे काळपट पाणी ओतलंत त्याला हेही एक कारण असू शकेल. फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या पाइपांबरोबर इंजिनाजवळचा रबरी तुकडा आणि रिटर्नचा (उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारा) पाइप पण वाकवून बघा, वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या की बदला.

डेट्रॉइटकर

इथल्या बऱ्याच गाड्यांत क्लिप नसतेच, फिल्टरवर टिचकीनं बसणारे प्लास्टिकचे क्विक कनेक्टर असतात. भारतात पण आता बऱ्याच गाड्यांत तेच आहेत. त्यांच्या गळतीचं कारण ठरलेलं, स्क्रू ड्रायव्हरनं उचकटताना आतलं कुलूप मोडतं किंवा आतली ओ रिंग घडी पडते. त्याला स्वस्तातलं एक प्लास्टिकचं टूल मिळतं ते वापरा. आधी आतली माती हवा मारून काढा, धुळीनं कुलूप अडकतं आणि आपण उगीच जोर लावतो. बसवताना टक आवाज आला तरी एकदा मागं ओढून बघायचं, निघाला नाही तर बसला. बऱ्याच नव्या पेट्रोल गाड्यांत तर फिल्टर टाकीच्या आत पंपाबरोबरच असतो, तो घरी उघडायच्या भानगडीत पडू नका, तिथं टाकीचंच तोंड उघडतं.

माळरान (सोलापूर)

जुना पाइप उपसून बघितला. काकांनी म्हटलं तसंच, आतून तोंड मोठं झालेलं आणि क्लिपच्या खाली गोल चीर, नखानं उघडली की दिसते. दोन्ही बाजूंचे पाइप आणि क्लिपा नव्या टाकल्या. मग किल्ली ऑन, पंपाचा घुंईं आवाज थांबला की ऑफ, असं करून लाइन भरू दिली, गाडी चालू न करता. प्रत्येक वेळी भाऊ खाली टिश्यू फिरवत होता. कोरडं. मग चालू करून दहा मिनिटं आयडलला ठेवली, रेस करून बघितली, परत टिश्यू, कोरडं. गाडी आता चढ आरामात घेते.

पण गाडीच्या मागच्या बाजूला अजून वास येतोय. घाबरायचं का?

किनारपट्टी (रत्नागिरी)

पहिल्या खेपेला सांडलेलं असेल ते. खाली चेसिसच्या पोकळीत आणि टाकीच्या पट्ट्यामागच्या रबरात पेट्रोल मुरतं, एखाद-दोन दिवस वास राहातो. रात्री गाडीखाली कोरडा पुठ्ठा टाकून ठेवा, सकाळी डाग नसेल आणि वास दिवसागणिक कमी होत असेल तर मुरलेलंच. तोवर गाडी बंद पार्किंगमध्ये लावू नका. वास तसाच राहिला किंवा टाकी भरल्यावर वाढला तर टाकीच्या वरचे जोड बघायला हवेत, ते वेगळं काम.

नवा_चालक (नाशिक)

डब्यात जमा झालेलं पेट्रोल परत टाकीत घालायचं का? आणि ती ओली फडकी?

स्नेहल_के (पुणे)

डबा स्वच्छ असेल आणि खाली माती-पाणी बसलेलं नसेल तर बारीक जाळीतून गाळून घालता येईल. फिल्टरच्या आतलं गढूळ पेट्रोल मात्र नाही. ते झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून, वर चिठ्ठी लावून, जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला विचारून द्या. मोरीत, गटारात ओतू नका, वाफ ड्रेनेजच्या पाइपातून दुसऱ्याच्या घरात निघते. पाण्याच्या बाटलीत भरून ठेवणं तर नकोच, घरातलं लहान मूल पाणी समजून उचलतं.

फडकी गोळा करून पिशवीत कोंबायची नाहीत. उघड्यावर, सावलीत, एकेक वेगळं पसरून दोरीवर टाका, पूर्ण सुकली, वास गेला की मग कचऱ्यात. वॉशिंग मशीनमधे अजिबात नाही. जुना फिल्टर पण तोंड खाली करून उघड्यावर दिवसभर निथळू द्या, भंगारवाल्याला द्यायच्या आधी. त्याच्याकडे गॅस कटर असतो.